विमानात जवळ काय ठेवायचं?

॥ श्री गुरवे नमः ॥



काशीयात्रेची नावं पक्की झाल्यापासून इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळ्या कुटुंब-ग्रुपवर एकच विचारणा चालली आहे. विमानात जवळच्या बॅगेत काय घ्यायचं? किती किलो चालतं? चकलीचा डबा नेता येतो का?

याची उत्तरं आधी देऊन टाकतो. देशातल्या प्रवासात साधारणपणे एकच बॅग, सात किलोपर्यंत. कात्री, सुरी, अडकित्ता मोठ्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर कुठल्याच बॅगेत नाही. निरांजनासाठी काडेपेटी तिकडेच विकत घ्या. पॉवर बँकेचं मात्र उलट आहे. ती मोठ्या बॅगेत टाकायचीच नाही, जवळ ठेवायची, कारण तिने पेट घेतला तर माणसाचा हात तिथे पोचायला हवा. चकली चालते.

पण एका गुरुभगिनींनी विचारलेला प्रश्न असा दोन ओळींत सुटेना. त्यांनी लिहिलं, "पादुका जवळच्या बॅगेत घेतल्या आणि आयत्या वेळी ती बॅग सोडायची पाळी आली, तर काय करायचं?"

हा प्रश्न त्यांना का पडला ते गेल्या वर्षी बरोबर असलेल्यांना ठाऊक आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो.

परतीच्या शेवटच्या टप्प्यात विमान लहान होतं, बाहेर पंखे फिरणारं. आतले डोक्यावरचे कप्पे अगदी अरुंद. त्यामुळे पायऱ्यांपाशी उभी असलेली कर्मचारी मुलगी चाकांच्या बॅगा काढून घेत होती. त्या सामानाच्या कप्प्यात ठेवणार, उतरल्यावर परत देणार. आपल्यातल्या एका काकांच्या बॅगेत पादुका होत्या. रोज पहाटे ते ज्यांची पूजा करतात त्याच. काका म्हणाले, "यात आमचे महाराज आहेत. ते खाली सामानात जाणार नाहीत." ती मुलगी हिंदीत विनवतेय, काका मराठीत ठाम. दहा मिनिटं तरी हे चाललं. शेवटी काकांनी तिथेच खाली बसून बॅग उघडली, रेशमी वस्त्रातल्या पादुका काढून छातीशी धरल्या आणि बॅग दिली. आम्हा सगळ्यांना भरून आलं. जयजयकारही झाला.

विमान वर गेलं आणि पाऊण तासाने काकांच्या छातीत जड वाटायला लागलं. त्यांना हृदयाचा त्रास आहे, जिभेखाली ठेवायची गोळी कायम जवळ लागते. ती गोळी बॅगेत होती आणि बॅग सामानाच्या कप्प्यात. विमान चालू असताना तिथे कुणी जाऊ शकत नाही. पादुका मांडीवर होत्या.

काकूंनी कमरेचा बटवा काढला. त्यात कागदाच्या पुडीत दोन गोळ्या होत्या. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्यावर डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक निघालं, आणि काका यंदाही येताहेत.

त्या दिवशी आम्ही काकांच्या निष्ठेचं कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. पण जयजयकाराचा फोटो कुणीतरी काढला होता (तिथे फोटो काढू नयेत खरं तर), तो नंतर ग्रुपवर आला. त्यात काकांच्या मागे एक बाई दिसते. कडेवर तान्हं मूल, आणि साडेचारच्या उन्हात त्याच्या डोक्यावर तिने ओढणी धरलेली. ती आमच्यापैकी नव्हती. ती दहा मिनिटं तिथेच उभी होती आणि आमच्या एकाच्याही नजरेला ती पडली नव्हती. गुरुभगिनींचा प्रश्न वाचला तेव्हा आम्हाला आधी तो फोटो आठवला.

पायऱ्यांपाशी उशीर झाला तर ऊन लागतं, एवढंच. पण त्या विचारताहेत ती वेळ याहून कठीण आहे. विमानाला आग लागली तर कर्मचारी ओरडून सांगतात, सगळं सामान सोडा आणि बाहेर पडा. चव्वेचाळीसपेक्षा जास्त आसनांच्या विमानांसाठी नियम असा आहे की अर्धेच दरवाजे वापरून सगळी माणसं नव्वद सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे आधी दाखवावं लागतं. त्या हिशेबात कुणी वाकून बॅग ओढत बसेल हे धरलेलं नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारं एक प्रवासी विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. तटरक्षकांच्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. ते भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती आणि विमान पेटलं होतं. आतली सूचना देण्याची यंत्रणा बंद पडली, कर्मचाऱ्यांनी ओरडून वाट दाखवली. ३७९ च्या ३७९ बाहेर आली. सामान मागे राहिलं आणि विमानाबरोबर जळून गेलं.

त्याच्या सुमारे साडेसात वर्षं आधी, ३ ऑगस्ट २०१६ ला, तिरुवनंतपुरमहून निघालेलं विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटून पेटलं. त्यातलेही तीनशे लोक वाचले, पण आग विझवायला आलेला एक जवान गेला. त्या वेळचं चित्रीकरण पुष्कळांनी पाहिलं असेल. आत धूर भरतोय आणि लोक वरच्या कप्प्यांतून बॅगा काढताहेत. तेव्हा लोक फार हसले, लॅपटॉपसाठी जीव देतात म्हणाले. आम्हाला ते हसणं कधी पटलं नाही. आखातात कामाला जाणाऱ्या माणसाचा पासपोर्ट, कामाचे कागद, घरी पाठवायचे पैसे सगळं त्या एका बॅगेत असतं. आपल्यातल्याही किती घरांतली मुलं मस्कतला, दुबईला आहेत. पासपोर्ट गेला तर नोकरीचं काय, घरच्यांचं काय, हा विचार त्या घटकेला कुणाच्याही मनात येईल. त्याला लोभ म्हणणं सोपं आहे. ती माणसं लोभी नव्हती. ज्याच्यावर पोट चालतं ते त्यांनी सोडता न येणाऱ्या जागी ठेवलं होतं, एवढंच.

काकांचंही तेच झालं होतं.

आता पादुकांचं. ग्रुपवर एका गुरुबंधूंनी लिहिलं की प्राण गेला तरी पादुका सोडणार नाही, हीच निष्ठा. त्यांच्या भावनेला नमस्कार. पण विमानातली दोन आसनांमधली वाट एका माणसापुरती असते. आपण तिथे उभं राहून वरचा कप्पा उघडला की मागची सगळी रांग थांबते. स्वतःचा प्राण पादुकांवरून ओवाळून टाकायचा अधिकार फार तर प्रत्येकाला असेल. मागच्या बाईच्या कडेवरच्या मुलाचा प्राण ओवाळायचा अधिकार कुणाला नाही. तिला आपले महाराज माहीतही नाहीत. निष्ठेची किंमत आपण द्यायची असते, अनोळखी माणसाच्या पदरातून ती काढून घ्यायची नसते. एवढं कळण्यासाठी आम्हाला तो फोटो बघावा लागला, याची लाज वाटते.

कुणी म्हणेल, नियम करणाऱ्यांना श्रद्धा काय कळणार. तसं नाही. विमानात जवळच्या सामानात नारळ चालत नाही, पण २०२२ साली शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ तपासणी करून जवळ बाळगायची मुभा हंगामापुरती दिली गेली. श्रद्धेसाठी जिथे वाट काढता येते तिथे काढतात. आग लागल्यावर मात्र अशी मुभा देणार कोण आणि कुणाला?

आणि ही गोष्ट आपल्याला नवी कुठे आहे? काशीची गंगा कावडीत घेऊन नाथमहाराज रामेश्वराकडे निघाले होते. शेकडो कोस खांद्यावर जपून आणलेलं पाणी. वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातलं. बरोबरचे हळहळले, पण नाथांच्या दृष्टीने गंगा रामेश्वराला पोचली होती. लहानपणापासून ही गोष्ट आपण ऐकतो, नातवंडांना सांगतो, सांगताना आवाज कातर होतो. आणि विमानाच्या पायऱ्यांवर? गोष्ट ऐकताना आपण गाढवाच्या बाजूचे असतो, सामान हातात असलं की कावडीच्या बाजूचे होतो.

पादुकांबद्दल आणखी एक सुचलं ते लिहितो, चुकत असेल तर जाणत्यांनी कान धरावा. पादुका पूज्य झाल्या त्या रामाने मागे ठेवल्या म्हणून. भरत त्या मागून घेऊन आला, नंदिग्रामात चौदा वर्षं त्यांना सिंहासनावर ठेवून त्यांच्या वतीने राज्य केलं. राम अनवाणी पुढे गेला. म्हणजे पादुका ही मुळात कुणीतरी सोडलेली वस्तू आहे. ती सोडताना ज्याचा जीव अडकला नाही त्याचीच आपण पूजा करतो.

तरीसुद्धा आग लागलेल्या विमानात हे कुणाला आठवेल असं आम्हाला वाटत नाही. त्या क्षणी माणूस विचार करत नाही. हात सवयीच्या ठिकाणी जातो. म्हणून आमचं म्हणणं असं की हा प्रश्न विमानात सोडवायचाच नाही. तो घरी, बॅग भरताना सोडवायचा. ज्याच्यावाचून पुढचा तास निभणार नाही ते बॅगेत ठेवायचं नाही, अंगावर ठेवायचं. जिभेखालची गोळी, दोन वेळची औषधं, ओळखपत्र किंवा पासपोर्ट, फोन, थोडे पैसे, आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद, कारण फोन बंद पडतो. एवढं अंगावर असलं की बॅगेवरची पकड आपोआप सैल होते. मग कुणी पायऱ्यांपाशी मागितली तरी देता येते, आणि नको ती वेळ आली तर मागे वळून न बघता चालता येतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बर्फाशिवायच्या छोट्या पिशवीत जवळच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवावं. खाली सामानात थंडीने ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. बॅग मागितली तर ती पिशवी आणि पॉवर बँक काढून घ्यायची, बाकीची बॅग हसून द्यायची. पादुका ज्यांना न्यायच्याच आहेत त्यांनी त्याही वर ठेवाव्यात, चटकन काढता येतील अशा. आणि निघण्याआधी घरी त्यांच्यापुढे बसून एकदा मनाशी ठरवावं की हाक आली तर या सोडून उतरेन. आम्ही हे करून पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा कठीण गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागलं.

विमान सुटण्याआधी कर्मचारी दरवाजे कुठे आहेत ते दाखवतात, तेव्हा आपली मंडळी डोळे मिटून स्तोत्र म्हणत असतात. आम्हीही त्यातलेच. यंदा स्तोत्र पाच मिनिटं उशिरा सुरू करू या.

काकू खणाच्या तुकड्यांचे बटवे शिवताहेत, कमरेला खोचता येतील असे, आत दोन कप्पे. ज्यांना हवेत त्यांनी आपापल्या ग्रुपवर नाव कळवावं. कापड काकूंचं, नाडी प्रत्येकाने आपली आणायची. काकांनी स्वतःसाठी जरा मोठा शिवायला सांगितलाय, पादुका मावतील एवढा. काकूंनी मापं घेतली आहेत, पण तो अजून शिवलेला नाही.