फोबोसवर जीव न्यावा का?

मंगळाचा चंद्र फोबोस जेमतेम २२ किलोमीटर रुंदीचा, ना हवा ना पाणी. तिथली सुमारे २०० ग्रॅम माती आणण्यासाठी रशियाने ९ नोव्हेंबर २०११ रोजी बैकानूरहून ‘फोबोस-ग्रुंट’ हे मानवरहित यान सोडले. माती आणण्यात गैर काही नाही. खटकते ती यानातली छोटी कुपी. अमेरिकेच्या प्लॅनेटरी सोसायटीने तिच्यात जिवाणू, बिया आणि टार्डिग्रेड हे सूक्ष्म प्राणी बंद केले होते. सुमारे तीन वर्षांचा जाण्यायेण्याचा प्रवास करून ते तगले, तर खडकांतून जीव ग्रहांदरम्यान जाऊ शकतो का, याचा अंदाज येणार होता. जिज्ञासा मोलाचीच, पण कोणीच राहत नाही अशा ठिकाणी जीव नेणे हा अधर्म ठरतो का? माझ्या मते ठरतो, कारण एकदा तो तिथे सांडला की परत गोळा करता येत नाही.

कोणी विचारेल, निर्जीव दगडाला इजा ती कसली? जैन दर्शन मातीतही पृथ्वीकायिक जीव मानते. ते ज्याला पटत नाही, त्यानेही पुढच्या पिढ्यांचा विचार करावा. मंगळाच्या परिसरात कधी जीव होता का, हे त्यांना शोधायचे आहे आणि तो पुरावा आपण भेसळ करून त्यांच्या हाती देऊ शकत नाही. १९६७च्या बाह्य अवकाश करारानेही घातक दूषितीकरण टाळण्याचे बंधन घातले आहे. मंगळावर उल्का आदळून उडालेली धूळ फोबोसवर पडतेच, हा आक्षेप वजनदार आहे. मात्र निसर्गात मृत्यू घडतो म्हणून हत्या निर्दोष ठरत नाही; कर्माचा हिशेब जाणून करणाऱ्याकडेच मागितला जातो. राहिला कुपी पक्की बंद होती हा युक्तिवाद. ती परत येणार होती, हेही खरे. पण यानाने दगा दिला तर? फोबोस-ग्रुंट पृथ्वीची कक्षाच सोडू शकले नाही आणि १५ जानेवारी २०१२ रोजी पॅसिफिकच्या दिशेने कोसळले. पुढे एप्रिल २०१९मध्ये इस्रायलचे ‘बेरेशीट’ यान टार्डिग्रेडांसह आपल्या चंद्रावर आदळले. शिवाय दूरच्या अवकाशातला किरणोत्सार जीव सोसतात का, हे सूर्याभोवती फिरणाऱ्या यानातही तपासता आले असते. त्यासाठी फोबोसवर उतरण्याची गरजच नव्हती.

आता जपानच्या ‘एमएमएक्स’ मोहिमेला फोबोसची किमान १० ग्रॅम माती आणायची आहे. तिने ती जरूर आणावी. यापुढे कोणत्याही देशाने मुद्दाम जीव घेऊन तिथे उतरू नये.