शेवटच्या लोकलनंतरचं शहर

चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते आणि पहिली पहाटे चारनंतर. मधल्या तासांत ओव्हरहेड वायर तपासायची, झिजलेले रूळ बदलायचे, खडी भरायची, ही कामं उरकावी लागतात. दिवसा तीन-चार मिनिटांना एक गाडी धावत असताना ती करणं शक्यच नाही. मुंबई कधी झोपत नाही असं आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या गाडीवर हे शहर जगतं, ती रोज रात्री थांबते. त्या तीन तासांत हे शहर नेमकं कोणाचं असतं, याचा विचार शहर चोवीस तास उघडं ठेवण्याच्या चर्चेत क्वचितच होतो.

ही चर्चा आता जुनी झाली आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ च्या डिसेंबरात लागू झाला आणि दुकानं रात्रभर उघडी ठेवण्याची वाट मोकळी झाली. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईतले मॉल आणि गिरण्यांच्या आवारातली हॉटेलं चोवीस तास चालवायला मुभा मिळाली. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. २०२५ च्या ऑक्टोबरात मद्यविक्रीची ठिकाणं वगळून बाकीच्यांना ही मुभा असल्याचं सरकारने पुन्हा स्पष्ट केलं. या साऱ्यात दरवाजा उघडा ठेवणाऱ्याचा विचार आहे, त्यातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाचाही आहे. पहाटे दोनला टेबल पुसून बाहेर पडणाऱ्या पोऱ्याचा मात्र फारसा नाही.

रात्रीचं काम मुंबईला नवं नाही. गिरणगावात रात्रपाळी होती, पण ती घराजवळ होती. परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींपासून गिरणीचं गेट चालत जाण्याइतकं जवळ. एकेका खोलीत दहा-पंधरा गाववाले राहत. एक जण पाळीला गेला की त्याच्या जागी दुसरा पाठ टेकायचा. ते जगणं सुखाचं नव्हतं आणि त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण अपरात्री पाळी सुटलेला कामगार आपल्या पायांनी घरी पोचत असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख जण त्यात उतरले, आणि पुढच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी कचेऱ्या, मॉल, पब उभे राहिले. रात्र पुन्हा त्याच आवारांत परतली. कामगारांची वस्ती मात्र नालासोपारा, विरार, कल्याण, बदलापूरपर्यंत सरकली. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत रिक्षा-टॅक्सीला पंचवीस टक्के जादा भाडं द्यावं लागतं. म्हणजे वेटरची दिवसभराची कमाई एका फेरीत जाईल. मग तो पहिल्या लोकलची वाट बघत कुठेतरी बसून राहतो.

आणि तो एकटा नाही. वाशीच्या बाजार समितीत रात्रभर ट्रक उतरतात, ससून डॉकवर पहाटेआधीच मासळीचा बाजार भरतो, दादरला फुलांचे भारे उतरतात, केईएम रुग्णालयात परिचारिका रात्रपाळी करतात. या माणसांमुळे सकाळी आपल्या घरात भाजी येते. चोवीस तासांचं शहर मुळात त्यांचं आहे.

रात्री गाड्या थांबणं फक्त मुंबईतच घडत नाही. न्यूयॉर्कची सबवे १९०४ मध्ये सुरू झाली आणि दिवसरात्र धावण्यासाठी ती जगभर ओळखली जाते. २०२० च्या मेपासून वर्षभर तीसुद्धा रात्री काही तास बंद ठेवावी लागली. त्या तासांत तिथे जादा बस सोडल्या गेल्या. लंडनमध्ये रात्रभर धावणारी भुयारी रेल्वे २०१६ मध्ये सुरू झाली, तीही काही मार्गांवर आणि फक्त शुक्रवार-शनिवारच्या रात्री. बाकीच्या रात्री लोक बसने घरी जातात. तेव्हा आपली लोकल रात्री थांबते, यात कमीपणा काही नाही. रुळांना ती विश्रांती हवीच. ती थांबल्यावर रस्त्यावरून दुसरं काय धावतं, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर फार तोकडं आहे.

रात्री रस्त्यावर असण्याचा हक्क हा यातला आणखी खोल मुद्दा. २०२२ मध्ये रात्री दीडच्या सुमारास रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधून बसलेल्या एका तरुणावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला निर्दोष सोडलं: रात्रीची संचारबंदी नसेल, तर त्या वेळी रस्त्यावर असणं हा गुन्हा नाही. इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागते, यातच या शहराच्या मोकळेपणाची मर्यादा दिसते. मॉलमधल्या माणसाला रात्री दोनला कोणी काही विचारत नाही. फुटपाथवर बसलेल्याला विचारतात.

बायकांच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने एक चांगली अट घातली. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं, तर तिची संमती हवी, संरक्षण हवं आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायला हवी. मला ही अट या साऱ्या कायद्यातली सर्वांत शहाणी वाटते. ती फक्त बायकांपुरती का असावी? घरी पोचवणं हा रात्रीच्या कामाचाच भाग आहे, हे तत्त्व मान्य केलं, तर रात्रपाळीच्या प्रत्येक कामगाराला ते लागू व्हायला हवं. छोट्या हॉटेलाला स्वतःची गाडी परवडणार नाही, हे खरं. म्हणून तर रात्री एक ते चार स्वामी विवेकानंद रस्ता, लालबहादूर शास्त्री मार्ग आणि दोन्ही द्रुतगती महामार्ग यांवर ठरावीक अंतराने सार्वजनिक बस हव्यात आणि रात्रीच्या धंद्यातून मिळणाऱ्या कराचा वाटा त्यांच्यासाठी राखून ठेवायला हवा.

यातली मोठी अडचण पैशांची नाही, हद्दीची आहे. विरारच्या वेटरला घरी जाताना मुंबई, मिरा-भाईंदर आणि वसई-विरार अशा तीन महापालिका ओलांडाव्या लागतात, आणि प्रत्येकीची बससेवा वेगळी आहे. मॉल उघडा ठेवण्याचा आदेश मंत्रालयातून निघतो. या बससेवांना एका वेळापत्रकात बसवण्याचा अधिकारही तिथेच आहे, आणि तो आदेश आधी निघायला हवा होता.