परक्या गावात आपले नाव



आपली मुले कामासाठी हायवे ओलांडून पंचतारांकित एमआयडीसीत जात होती, आता काही जण समुद्र ओलांडायला निघाली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. करार सरकारे करतात. बॅग मात्र आपल्या पोरीला भरावी लागते.

नर्सिंग झालेल्या मुलीला आधी जर्मन भाषा शिकावी लागते, तीही साधारण बी-२ पातळीपर्यंत. पदवीला मान्यता मिळेपर्यंत ती सहायक म्हणून राबते. इथे अख्खा वॉर्ड सांभाळणारी तिथे पुन्हा शिकाऊ होते. हे कमीपणाचे नाही. आपल्या पुणे धर्मप्रांताचा इतिहास आठवू या. जर्मन येशूसंघीय धर्मगुरू इथे आले, तेव्हा त्यांनाही मराठीची बाराखडी गिरवावी लागली. १९०७ साली पुण्याचे बिशप झालेले हेन्री डोरिंग त्यांच्यातलेच. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकले, मायदेशी धाडले. डोरिंग पुढे जपानात हिरोशिमाला गेले आणि १९२७ साली पुन्हा पुण्याला परतले. परक्या मुलखाला आपले गाव मानणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधील बंदिवान लोकांना पत्र पाठवले होते. परत कधी जाणार याचे दिवस मोजत बसू नका, असा त्याचा सूर होता. घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे त्याने त्यांना सांगितले. ज्या नगराने त्यांना ओढून नेले त्याच नगरासाठी! आपली मुले तर स्वखुशीने जातात.

पण एक प्रश्न तिथे पोहोचताच समोर येतो, आणि त्याविषयी आपण घरी कधी बोलत नाही. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत नोंदणी करावी लागते. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक लिहिले की चर्चचा कर लागू होतो. पगारावर नव्हे, तर आयकराच्या रकमेवर बाडेन-वुर्टेमबर्ग व बायर्नमध्ये ८ टक्के आणि इतर राज्यांत ९ टक्के. आयकर ४०० युरो असेल तर ३२ किंवा ३६ युरो. ‘रकाना कोरा सोड, कोण बघतंय?’ असा सल्ला देणारे मित्र लगेच भेटतात.

पेत्राला अंगणात शेकोटीजवळ एका दासीने असेच विचारले होते. तिथे तर जिवाचे भय होते. इथे छत्तीस युरोंचे आहे. जर्मनीत आज सुमारे दोन कोटी कॅथलिक आहेत, आणि एकट्या २०२३ साली चार लाखांहून अधिक जणांनी चर्चमधून नाव काढून घेतले. सर्वांनी करापायीच काढले असे आम्ही म्हणणार नाही. अनेकांच्या जखमा खोल आहेत आणि चर्चनेच दिलेल्या आहेत. पण अधिकृतपणे नाव काढणाऱ्याला संस्कार घेता येत नाहीत, धर्मपिता वा धर्ममाता होता येत नाही, असा तिथल्या बिशपांचा २०१२ चा आदेश आहे. स्नानसंस्काराच्या वेळी आईबापांनी जे नाव दिले, ते कोऱ्या रकान्यात ठेवायचे की लिहायचे, हे मुलाने जाण्याआधी आईबापांसमोर बसून ठरवावे. तिथे रांगेत, परक्या भाषेत ते ठरत नाही.

आणि घरी राहणाऱ्यांनो, मुलगा मिस्साला जातो का, हे फोनवर दरवेळी पोलिसासारखे विचारू नका. हॉस्पिटलच्या पाळ्या रविवार पाहत नाहीत. शनिवारी संध्याकाळचा मिस्सा त्याला माहीत असू द्या, एवढे पुरे. आपला सकाळचा मिस्सा संपतो तेव्हा तिकडे अजून पहाटच असते, म्हणून फोन दुपारनंतर करा.

जाणाऱ्यांनी स्नानसंस्काराचा व दृढीकरणाचा दाखला चर्च कार्यालयातून आधीच घेऊन ठेवावा. ऐनवेळी, विमानाच्या आदल्या रात्री, धर्मगुरूंचे दार ठोठावू नये.