फिरता रहाट

जुनं यंत्र जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न मला एका मित्रामुळे पडला. तो आता नाही. मालवणच्या आसपासच्या वाड्यांत मोडकळीला आलेले लाकडी रहाट पुन्हा चालते करणं हे त्याचं काम. छंद म्हटलेलं त्याला खपत नसे. छंदाला कोणी मजुरी देत नाही, असं तो म्हणे, आणि मजुरीचा विषय त्याच्याकडे नेहमी निघे.

रहाटाची रचना सांगायला सोपी आहे. विहिरीच्या तोंडावर आडवा कणा, त्यावर चाक, चाकावरून खाली सोडलेली काथ्याच्या दोरांची माळ, माळेला बांधलेली मातीची गाडगी. भरलेली गाडगी वर येतात, माथ्यावर कलंडतात, पाणी पन्हळीत पडतं आणि पाटाने माडापोफळींच्या आळ्यांत जातं. मोठा रहाट बैल फिरवी, लहान रहाट माणूस पायांनी फिरवी. सांगण्यात न येणारं जे आहे ते सांध्यांत असतं. पाण्यात राहणाऱ्या भागाला जांभळाचं लाकूड का, पाचर किती सैल ठोकायची, कारण भिजल्यावर लाकूड फुगतं आणि कोरड्यात घट्ट बसवलेला सांधा मग स्वतःच फुटतो, हे कुठल्या आराखड्यात काढून दाखवणार? माझ्या मित्राला ते म्हाताऱ्या सुतारांनी आणि बागेत राबलेल्या गड्यांनी शिकवलं. त्यांना बोलावलं की तो दिवसाची मजुरी हातावर ठेवी. नुसत्या गप्पा मारल्या तरीही.

एका हॉटेलच्या अंगणात शोभेला ठेवलेला रहाट आम्ही पाहिला होता. वार्निश लावलेला, खिळे मारून अडकवलेला, गाडग्यांत शोभेची रोपं. मला तो बरा वाटला. निदान सरपणात तरी गेला नाही. मित्र मात्र वैतागला. ‘रहाट काय देव्हाऱ्यात बसवूचो देव न्हय. तो फिराक व्हयो,’ म्हणाला. यात हट्ट कमी आणि सुतारकी जास्त होती. पाण्यावाचून राहिलेलं लाकूड आक्रसतं, सांधे खिळखिळे होतात, चैत्राच्या उन्हात कण्याला चिरा जातात. मूर्ती किंवा चित्र हात न लावता टिकतं. रहाट वापर थांबला की मरायला लागतो. म्हणजे काचेआड ठेवून तो जपताच येत नाही.

डच लोकांना हे आपल्या आधी उमगलं. पवनचक्क्या वाचवण्यासाठी तिथे 1923 साली संस्था निघाली. किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. मला जास्त महत्त्वाची वाटते ती 2017 ची नोंद. त्या वर्षी युनेस्कोने पवनचक्की आणि पाणचक्की चालवणाऱ्याच्या कसबाला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. चक्कीच्या जोडीने ती फिरवणारा माणूसही वारसा ठरला. तिथे हौशी माणसं शिडं बांधायला, वाऱ्याकडे तोंड वळवायला, वेळेवर ब्रेक लावायला रीतसर शिकतात आणि परीक्षा देतात. अमेरिकेतल्या शेतांवरच्या पोलादी पात्यांच्या पाणी उपसणाऱ्या चक्क्यांनाही असेच दुरुस्तीवेडे लाभले. टेक्सासमधल्या लबक शहरात त्यांचं मोठं संग्रहालय आहे. आपल्याकडे देवगडला लोक पवनचक्क्यांसमोर उभं राहून फोटो काढतात, पण शेजारच्या वाडीतला रहाट फिरवायला येणारा माणूस कोण, हे कोणी विचारत नाही.

तरी या सगळ्यात एक लबाडी शिरू शकते, आणि माझा मित्र ती शिरू देत नसे. रहाटाच्या कुरकुरीवर हळवं होणारी माणसं बहुधा माडीवरून ती कुरकुर ऐकत असत. त्याचे वडील दुसऱ्याच्या बागेत पायांनी रहाट फिरवत. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, बागायतीच्या सगळ्या हंगामभर. त्यामुळे विजेचा पंप आला तो दिवस त्यांच्या घरी सणासारखा होता, असं तो सांगे. त्याच्या स्वतःच्या परसातही पंपच होता. मला आधी हे विसंगत वाटलं. आता वाटत नाही. ज्याला एखाद्या यंत्राचे कष्ट ठाऊक आहेत, त्यालाच ते जपण्याचा खरा अधिकार आहे, आणि तोच ते गोडगोड न करता जपतो.

पंपाबद्दल त्याची तक्रार एकच होती, आणि ती हळवेपणाची नव्हती. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. डच लष्करी अभियंता बादोन खायबेन आणि जर्मनीचा हेर्ट्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी उभं असतं. उपसून वरची पातळी फूटभर उतरवली, तर कालांतराने खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. पंपाला हे कळत नाही. बटण दाबलं की विहीर तळ गाठेपर्यंत तो ओढतो. रहाट फिरवणारा माणूस दमतो, बैल दमतो, आणि त्या वेळात विहीर पुन्हा भरते. हा काही पूर्वजांचा शहाणपणा नव्हे. ती त्यांची असमर्थता होती, पण तिने पाणी गोडं ठेवलं. भर समुद्रात, कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांचं गोडं पाणी दाखवून आपण पाहुण्यांना थक्क करतो. त्यांतून बादलीऐवजी पंपाने उपसा सुरू झाला तर काय होईल, हा विचार मात्र करवत नाही.

म्हणून रहाटाकडे परत जा, असं तो कधीच म्हणाला नाही. विहिरीची गती ठाऊक असलेलं एक तरी यंत्र प्रत्येक वाडीत चालतं राहावं, म्हणजे पंपाचं बटण कधी बंद करायचं याचा अंदाज पोरांना येईल, एवढंच त्याचं म्हणणं. मला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही. पंपाच्या वेळा वाडीने बसून ठरवाव्या लागतील. ते काम एकट्या रहाटावर सोडणं म्हणजे पुन्हा शोभाच.

त्याने उभे केलेले काही रहाट अजून फिरतात. ते फिरते ठेवायचे तर मालवणात दर माघात चार दिवसांचा वर्ग काढता येईल. पायाची लय, पाचरीचा सैलपणा, काथ्याची गाठ शिकवायला सत्तरी ओलांडलेली माणसं अजून वाड्यांत आहेत. फक्त त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवायचं नाही. चारही दिवसांची पूर्ण मजुरी द्यायची, सध्याच्या दराने.