जाळे टाकणाराचा धर्म

आमच्या बुलढाणे जिल्ह्याला समुद्र नाही. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर धरण झाले, त्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. आम्हांला समुद्र तोच. चोखोबांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेले मेहुणाराजा त्याच तालुक्यात आहे.

त्या बाजूला एका सप्ताहात कीर्तन आटोपले, तेव्हा मंडपाच्या कडेला उभा असलेला एक भोई पुढे आला. म्हणाला, "महाराज, माळ घालावी असं लय दिवसाचं मनात हाय. पण जाळं सोडलं तर लेकरं काय खातील?" मी अहिंसेवरचे दोन श्लोक म्हटले आणि "आधी धंदा सोड, मग ये," असे सांगून मोकळा झालो. तो "बरं महाराज" म्हणून गेला, तो पुन्हा कीर्तनाला दिसला नाही.

वाचकहो, वनपर्व मी गुरुजींपाशी बसून लावलेले. तपाचा ताठा चढलेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकावयास मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधापाशी जावे लागले, ही कथा मी शेकडो वेळा रंगवून सांगितली असेल. तो व्याध स्वतः मारीत नसे, विकत असे, हा भेद मला ठाऊक आहे. पण नांगराखालीही असंख्य जीव मरतात, हेही त्यानेच सांगितले. आमच्या कपाशीवर फवारणी होते, त्या शेतकऱ्याला माळ घालताना आम्ही हा प्रश्न कधी विचारतो काय?

पुढे दापोलीकडे हर्णै बंदरावर जाण्याचा योग आला. तेथे एका वृद्ध कोळ्याशी बोलत बसलो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात ते हे दिवस. सरकारचा मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा. पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटू नये, ही चाल त्याच्या कितीतरी आधीची. २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान धरू नये. म्हणजे वीतभरही नव्हे! मी म्हणालो, "ही तर दयाच झाली." म्हातारा हसला. "दया कसली बुवा? आज पिलू उचललं तर उद्या दर्यात काय राहील?"

मी थोडा खट्टू झालो. मग मत्स्यावताराची कथा आठवली. मोठ्या माशांच्या भयाने शरण आलेला चिमुकला मासा मनूने आधी घागरीत, मग मोठ्या पाण्यात, शेवटी सागरात सोडला. पण मनूचे पोट काही माशावर चालत नव्हते. ज्याचे चालते, तो हातात आलेले परत पाण्यात सोडतो तेव्हा आपल्या ताटातले सोडतो. त्यात हिशेब असेल, असू द्या. आमच्या एकादशीत तरी पुण्याचा हिशेब नसतो काय?

मात्र हा संयम एकट्याने पाळून भागत नाही. पर्ससीन नावाचे जाळे माशांचा सगळा थवा वेढते आणि खालून बटव्यासारखे आवळते. राज्याने २०१६ साली त्याला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मोकळीक ठेवली. २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या झोतावर मासे ओढण्यास बंदी केली. २०२१ साली दंड वाढला. तरी चोरून चालतेच, असे लहान होडीवाले सांगतात. मग त्यांनी पिलू सोडायचे ते कोणासाठी? दंड नसेल तेथे मोठा मासा लहानाला गिळतो, याला शास्त्रात मात्स्यन्याय म्हणतात. मोठ्याला मोकळे ठेवून लहानालाच व्रत सांगणे, हा उपदेश नारदाच्या गादीवरून केला तरी अधर्मच. मीही तेच केले होते.

गेल्या चैत्रात त्या भोयाच्या गावी मुद्दाम गेलो. तो जाळे विणीत बसला होता. चोखासागराची गोष्ट निघाली. रोहू, कटला, मृगळ साचल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. बीज बाहेरून आणून सोडावे लागते. कोणी बारीक आसाचे जाळे लावले की सगळ्यांचेच वर्ष बुडते. त्याने आपल्या जाळ्याच्या आसात तीन बोटे घालून दाखविली. "एवढ्याले आम्ही हात नाही लावत, महाराज."

माळ माझ्या पिशवीत होती. तिची गोष्ट त्याने काढली नाही आणि मलाही काढवेना. त्याच्या बायकोने चहा आणला, तो घेतला आणि अंधार पडेपर्यंत त्याला सूत धरून देत बसलो.