विषय कोणी निवडावा?

‘विषय’ हा शब्द कीर्तनात आला की श्रोते समजतात, आता बुवा विषयत्यागावर बोलणार. आज आम्ही ज्या विषयाबद्दल लिहीत आहो, तो मात्र टाकावयाचा नसून धरावयाचा आहे. बारावी होऊन मुले पदवीसाठी महाविद्यालयात जातात, तेव्हा त्यांना एक मुख्य विषय घ्यावा लागतो. पोरे त्यालाच ‘मेजर’ म्हणतात. बारावीचा निकाल आणि पालखीचे प्रस्थान यांत फार अंतर नसते. त्यामुळे वाटेने चालताना, मुक्कामावर भाकरी सोडताना हाच प्रश्न कानी पडतो : “महाराज, पोराला कुठल्या लाईनीला घालू?” प्रश्न साधा दिसतो, पण त्यातले क्रियापद पाहा. ‘घालू’! जनावर कोंडवाड्यात घालावे तसे पोर लाईनीत घालावयाचे! म्हणून विषय कोणता, याच्या आधी तो कोणी निवडावा याचा विचार झाला पाहिजे. आणि तो धर्माचा विचार आहे.

आधी नवी व्यवस्था समजून घेऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. महाराष्ट्रात तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून येत गेला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ पदवीला किमान १६०. मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय घेता येतो, शिवाय कौशल्याचे काही अभ्यासक्रम असतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याच विद्याशाखेत मुख्य विषय बदलण्याची वाटही आयोगाच्या आराखड्यात आहे. म्हणजे ‘एकदा नाव घातले की संपले’ असे राहिले नाही. घरच्या मंडळींनी एवढे जाणले तरी निम्मी भीती जाते.

आता मूळ मुद्दा. आमच्या पाठशाळेत शास्त्र हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारण्याचा परिपाठ होता : अधिकारी कोण, विषय कोणता, संबंध काय आणि प्रयोजन काय. यांना अनुबंध-चतुष्टय म्हणतात. सदानंदांनी वेदान्तसारात यांची गणना करताना पहिले नाव अधिकाऱ्याचे घेतले आहे, प्रयोजनाचे शेवटी. आपल्या घरांत हा क्रम उलटा चालतो. पहिला प्रश्न ‘नोकरी लागेल का?’, आणि ज्याला शिकायचे आहे त्याला विचारावयाचे तर राहूनच जाते.

विषय म्हणजे त्या नावाखाली प्रत्यक्ष काय शिकावयाचे ते. दुसऱ्याच्या मनातले ओळखता येईल म्हणून मुले मानसशास्त्राला जातात, आणि तेथे संख्याशास्त्र पुढे उभे राहते. अर्थशास्त्राला जातात पैसा कळेल म्हणून, आणि आलेख व गणित पाहून दचकतात. उलट भूगोल म्हणजे नद्यांची नावे पाठ करणे, असे समजून कित्येक तो सोडून देतात. त्यांना ठाऊकच नसते की त्यात आता उपग्रहांची चित्रे आणि संगणकावरचे नकाशे आले आहेत. अभ्यासक्रमपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. यष्टीत चढण्यापूर्वी आपण पाटी वाचतो. तेवढी तसदी तीन-चार वर्षांच्या प्रवासासाठी घ्यावी की नाही?

संबंध म्हणजे ग्रंथ आणि त्याचा विषय यांचे नाते. येथे असे विचारावे : पाटीवर जे नाव आहे ते आत शिकविले जाते काय? शिकविणारा आहे, की जागा रिकामी आहे? प्रयोगशाळा चालते, की तिला कुलूप आहे? हे कोणा एजंटाला विचारू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले फाटकाशीच भेटतात. ती खरे सांगतात.

प्रयोजनाला आम्ही हलके लेखीत नाही. ज्या घराने कर्ज काढून फी भरली, त्या घराला भाकरीचा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र उत्तर ऐकीव नसावे. कलाशाखेला गेले की सगळ्या वाटा बंद, असे म्हणतात. वास्तविक संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही विषयाचा पदवीधर बसतो, आणि तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासालाही पदवीच्या विषयाची अट नाही. दुसरीकडे हेही खरे की बारावीला विज्ञान नसेल तर भौतिकशास्त्राचे दार सहसा उघडत नाही. कोणते दार मागे उघडे राहते आणि कोणते लागते, हे नीट पाहावे. कठोपनिषदात यमधर्माने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग वेगळे करून दाखविले. आजच्या गुणपत्रिकेत श्रेयांक असतात. ते १२० भरले म्हणजे श्रेय पदरात पडले असे मात्र होत नाही.

राहिला अधिकारी. अधिकार म्हणजे त्या विद्येची ओढ आणि ती पेलण्याची तयारी. हाच शब्द पुढे करून आपल्या समाजाने शतकानुशतके स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना विद्येच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. संतांनी तो उंबरा मोडला. आणि आज त्याच संतांची माळ गळ्यात घालून कोणी म्हणतो, “पोरीच्या जातीला कशाला गणित? दे आपले काहीतरी सोपे.” बंधूंनो, हा जुनाच उंबरा झाला; फक्त तो आता आपल्या घरात आहे.

येथे कोणी शंका घेईल : पैसा बापाचा, कष्ट बापाचे, मग विषय त्याने का ठरवू नये? याला आमचे उत्तर असे. मुलावर खर्च करताना आपण व्यापार करतो की दान? व्यापार असेल तर भाव आधी सांगावा. दान असेल तर फळावर हात ठेवू नये. फळाची आशा सोडा, हे आम्ही कीर्तनातून सांगतो आणि तुम्ही माना डोलावता; आचरणाची वेळ येते तेव्हा प्रवेश-अर्जातला विषयाचा रकाना बापच भरून टाकतो!

दुसरी शंका अधिक खोल आहे. सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, नरहरी सोनारांनी दागिने घडविणे सोडले नाही. मग वडिलांचा धंदा तोच मुलाचा स्वधर्म, असे का म्हणू नये? तर या संतांचे थोरपण धंदा वडिलोपार्जित होता यात नव्हते. मळ्यात काम करणारा मन लावून काम करीत होता आणि त्या कामातच देव पाहत होता, यात ते होते. जे काम मन लावून होते, त्यात देव दिसतो. मनाविरुद्ध गळ्यात पडलेल्या विषयात तो कसा दिसावा? शेतकऱ्याच्या मुलाला शेतकीच मनापासून हवी असेल तर उत्तमच. पण ती त्याने मागितली पाहिजे.

मुलांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आवड आणि लहर यांत भेद आहे. मित्राने अर्ज भरला म्हणून भरला, ती लहर. विषय रुक्ष झाला, पहिल्या परीक्षेत गुण घसरले, तरी पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते, ती आवड. आणि घरात कर्ज असेल तर त्याकडे पाठ फिरवून आवडीचे नाव घेणे हेही प्रेयच. मुख्य विषय पोटाचा आणि दुय्यम विषय मनाचा, अशीही सांगड घालता येते. तीत कमीपणा नाही.

पहिला विषय शेवटचा असतोच असे नाही. इरावती कर्वे १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. पुढे मुंबईस समाजशास्त्र, नंतर बर्लिनला मानववंशशास्त्र, असा त्यांचा प्रवास झाला; आणि पालखीबरोबर चालून त्यांनी या वाटेविषयीही लिहिले. मामासाहेब दांडेकर तर महाविद्यालयात तत्त्वज्ञानच शिकवीत आणि विष्णुबुवा जोगांचे शिष्य म्हणून कीर्तनही करीत. तत्त्वज्ञानासारखा ‘बिनकामाचा’ म्हटला जाणारा विषय. तो एकीला कोठवर घेऊन गेला, आणि दुसऱ्याच्या हातून आपल्याला केवढे मिळाले!

तात्पर्य, घरात ही गोष्ट अशी व्हावी. आईबापांनी खर्चाचा आकडा आणि कर्जाची स्थिती न लपविता सांगावी. मुलाने किंवा मुलीने चारी प्रश्नांचा शोध घेऊन विषयाचे नाव सांगावे. न पटले तर एकदा नव्हे, दहादा बोलावे. पण शेवटी त्या रकान्यात अक्षर शिकणाऱ्याचेच पडावे. पंढरीची वाट सगळे मिळून चालतात. म्हणून कोणाचे पाऊल दुसऱ्याला टाकता येत नाही.

रामकृष्णहरि.