गैरहजेरीचाही धर्म

मृगाचा पाऊस सुरू झाला, शाळा भरू लागल्या, की आमच्या बेळगाव-निपाणी भागातील घराघरांत सकाळच्या वेळी एक प्रश्न हटकून उभा राहतो. मुलाचे अंग तापलेले असते. आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहते, वडील घड्याळाकडे पाहतात. “आज घरीच राहू दे,” असे आजी म्हणते. “अशाने शाळा बुडवायची सवय लागेल,” असे वडील म्हणतात. अखेरीस तापाचे औषध चमचाभर पाजून, कानांना रुमाल बांधून मुलाची रवानगी शाळेत होते. त्या औषधाचा अंमल चार-सहा तासांचा. मधली सुट्टी संपता संपता अंग पुन्हा तापते. तोवर एका बाकावर बसलेल्या चौघांनी एकाच बाटलीतले पाणी प्यालेले असते. प्रश्न दिसावयास घरगुती आहे. आम्हांस मात्र तो धर्माधर्माचा वाटतो.

हजेरीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. निपाणीहून जवळच असलेल्या कागलात ज्यांचे बालपण गेले, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा देशाचा कायदा २००९ सालचा. हजेरीपटावरील एकेका खुणेमागे इतक्या लोकांचे कष्ट आहेत. ज्यांना शाळेचा उंबरठाच ओलांडता आला नाही, अशा पिढ्यांचे आपण वंशज आहोत, हे विसरून चालणार नाही.

पण साधन आणि साध्य यांची गल्लत होऊ लागली, की सद्गुणालाही कीड लागते. आमच्या परिचयातील एका मुलीस वर्षभरात एकही दिवस न चुकविल्याबद्दल शाळेत बक्षीस मिळाले. त्याच वर्षी माघात तिला गालगुंड झाले होते. सुजलेला गाल ओढणीने झाकून ती रोज वर्गात बसली. दोन-अडीच आठवड्यांनी तिच्या भोवतालच्या मुलींचे गाल सुजू लागले. बक्षीस समारंभास आम्हीही हजर होतो, आणि तिच्या चिकाटीचे कौतुक म्हणून आम्हीही टाळ्या वाजविल्या. आज त्या टाळ्यांची लाज वाटते. मुलीचा दोष नव्हता. तिला जे थोर म्हणून दाखविले, ते तिने केले. ज्या मुलींची हजेरी तिच्यामुळे बुडाली, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याच पटावर मांडला गेला नाही.

या बाबतीत आपल्या देवळांकडून शिकण्यासारखे काही आहे. देवाची पूजा ठरल्या वेळी व्हावयासच हवी. काकडआरती कोणासाठी थांबत नाही. तरीही पुजाऱ्याच्या घरी सोयर वा सुतक आले, तर तो गाभाऱ्यात पाऊल टाकीत नाही. पूजा दुसऱ्या हाती सोपविली जाते, आणि तो आपल्या घरी राहतो. म्हणून कोणी त्यास आळशी म्हणत नाही, वा त्याच्या सेवेत खंड पडला असेही मानीत नाही. त्या दिवसांत दूर राहणे हीच त्याची सेवा असते. ज्या समाजाला हे पिढ्यान् पिढ्या उमगले आहे, त्याला तापाने फणफणलेल्या लेकराची गैरहजेरी ही कर्तव्यच्युती वाटावी, हे नवल नव्हे काय?

हा दाखला मात्र बेताने घ्यावयास हवा. आजार म्हणजे विटाळ नव्हे, आणि आजारी मूल अस्पृश्य नव्हे. २०२० साली शाळांना कुलुपे लागली, पुढच्या वर्षी कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा दूर राहण्याची गरज आपण शिकलो. पण बऱ्या झालेल्या शेजाऱ्याच्या दारावरून तोंड फिरवून जाणारेही आपल्यातच होते. अंतर देहांत राखावे, मनांत नव्हे. घरी राहिलेल्या मुलाची वही पुरी करून देणारा सोबती आणि परत आल्यावर चुकलेला धडा समजावणारा शिक्षक असेल, तरच ही गैरहजेरी निर्भय होईल.

“अशी सूट दिली तर शिंक आली तरी मुले घरी बसतील,” असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. लग्नसराई, पाहुण्यांची सरबराई, सौंदत्तीची यात्रा यांसाठी दिवसेंदिवस शाळा बुडविणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. नुसत्या सर्दीने मुलास कोंडून ठेवणे हेही शहाणपण नव्हे. पण जेथे सीमा स्पष्ट आहे, तेथे डोळेझाक का करावी? ताप असेल, तर औषधावाचून एक अहोरात्र तो उतरलेला राहीपर्यंत थांबावे. कांजिण्यांच्या साऱ्या फोडांवर खपल्या धराव्यात. गोवर तर पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यावर चार दिवस पसरत असतो. त्याची लस बाळाचा नववा महिना पुरा झाल्यावर दिली जाते. त्याआधीचे तान्हे मूल वर्गसोबत्याच्या घरी पाळण्यात असेल, तर आपल्या एका दिवसाच्या हजेरीचे मोल त्याने भरावे काय? सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कायद्याने निदान २२० दिवसांची शाळा सांगितली आहे. त्यांतले तीन दिवस गेल्याने विद्या बुडत नाही.

वेळेवर पोहोचण्याविषयीही हाच विवेक हवा. घरातील ढिलाईमुळे उशीर झाला, तर बोल लावावा. पण वेदगंगेला पूर येऊन बस अडली, तर दारात ओणवे उभे राहिलेले मूल वक्तशीरपणा शिकत नाही, केवळ अन्याय शिकते.

आता या प्रश्नाच्या ज्या अंगाकडे पाहताना आम्हांस सर्वांत अधिक संकोच वाटतो, त्याकडे येऊ. “मुलास घरी ठेवा” असा उपदेश करणे आमच्यासारख्यांना सोपे आहे. घरात कोणी ना कोणी असते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बाईचे काय? तिचा दिवस चुकला की मजुरी चुकते. मांडीवर सूप घेऊन घरी विड्या वळणारीला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. रडणारे मूल कुशीत घेतले की हात थांबतो. मग उपाय एकच उरतो: धाकट्यास ताप आला की थोरल्या बहिणीने शाळा सोडून त्याच्यापाशी बसावयाचे. आजारी भाऊ, आणि गैरहजेरी बहिणीची! ही गैरहजेरी हजेरीपटावर इतरांसारखीच दिसते. पण त्या मुलीचे सारे शिक्षण हळूहळू तीतच विरघळून जाते. अशा आईने तापलेले मूल औषध पाजून शाळेत धाडले, तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही.

म्हणूनच हा धर्म एकट्या आईचा नव्हे, साऱ्या समाजाचा आहे. पूजा दुसऱ्या हाती सोपविता येते, कारण तो दुसरा हात पुढे झालेला असतो. आपल्या आळीतील निवृत्त, सवड असलेल्या आजी-आजोबांनी मजूर आईच्या आजारी लेकरापाशी दोन प्रहर बसावे; मालकाने तिची त्या दिवसाची मजुरी कापू नये; शाळांनी ‘एकही दिवस न चुकविल्याचे’ बक्षीस बंद करून त्याऐवजी आजारी सोबत्याची वही पुरी करून देणाऱ्यास शाबासकी द्यावी. यांत अशक्य असे काही नाही. आपल्या देवळात उत्सवाच्या पाळ्या ठरविताना आपण किती बारकाईने नावे लावतो! त्या यादीशेजारी अशीही एक यादी लागली, तर ती देवाला नापसंत पडेल असे आम्हांस वाटत नाही.